किल्ल्यातला चिकू

भाचा ह्यूस्टनला असतो. मागच्या वर्षी तो आणि भाचेसून मेक्सिकोच्या युकातान भागात भाड्याची गाडी घेऊन बारा दिवस भटकले. त्यांची रात्र ती आमची सकाळ, त्यामुळे रोज चहाच्या वेळेला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा सडा पडलेला असे. चिचेन इत्साचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड, मेरिदाची पिवळी-गुलाबी घरं, कांपेचेची तटबंदी, तुलुमच्या कड्याखालचं निळंशार पाणी. शेवटच्या दिवशी त्याने लिहिलं, "मामा, पडकी शहरं, गोऱ्यांनी वसवलेली गावं आणि समुद्र, सगळं एका रस्त्यावर. आपल्याकडे असं कुठे आहे?"

मी बोईसरचा. चौतीस वर्षं तारापूर एमआयडीसीत काढलेली. बाहेरच्या माणसाला बोईसर म्हणजे कारखान्यांचा वास आणि सकाळच्या गाडीतून फलाटावर ओतली जाणारी गर्दी. त्यात खोटं काही नाही, पण ‘आपल्याकडे असं कुठे आहे’ हे मनाला लागलं. मी उत्तर टाकलं, "डिसेंबरात ये. चार दिवस काढ. गाडी माझी, पेट्रोल तुझं."

आला. निघताना आमच्या हिने दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. भाचेसून हसली. मला मात्र मजा वाटली ती वेगळ्या कारणाने, कारण आम्ही पहिल्यांदा जिथे चाललो होतो तिथल्या एका दगडावर याच दही-साखरेबद्दल तक्रार कोरून ठेवलेली होती.

चिल्हार फाट्याला हायवे गाठून दक्षिणेकडे निघालं की विरार फाट्यापर्यंत काही सांगण्यासारखं नाही. पुढे नालासोपारा. रिक्षा, इमारती, इमारतींच्या मधून इमारती, आणि त्या गर्दीत अचानक एक कुंपण, कुंपणात झाडं, झाडांत विटांचा उंचवटा. गावचे लोक याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा तो स्तूप निघाला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या, सोन्याच्या डब्या, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे, आणि भोवती आठ ब्राँझच्या मूर्ती. ते सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेलं. कोटात राहिल्या त्या विटा.

त्याच वर्षी भगवानलालांना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हा आठवा लेख प्रवासाबद्दलचा आहे, हे मला फार उशिरा कळलं. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकार करत, मौजमजा करत; पण अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्याचा आशय. वाटेत वृद्धांना भेटायचं, त्यांना दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलायचं. नववा लेख १९५६ साली जवळच्याच भुईगावला सापडला. त्यात राजा म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, आणि बायका तर फारच, ज्यांचं फळ थोडं. ही दही-साखरेबद्दलची तक्रार. हिला वाचून दाखवली तर म्हणाली, "त्याला घालणारं कुणी नसेल."

आम्ही विहारयात्रेला निघालो होतो की धर्मयात्रेला, हा प्रश्न भाच्याने विचारला. दोन्हींच्या मधली काढू म्हटलं.

वसईला मुक्काम केला तो मुद्दाम. किल्ला दुपारच्या दोन तासांत उरकण्याचा नाही. लोक मुंबईहून येतात, चर्चच्या कमानीत लग्नाआधीचे फोटो काढतात आणि जातात. किल्ला खरा तर एक अख्खं शहर आहे: रस्ते, न्यायालय, इस्पितळ, तुरुंग, अर्धा डझन चर्चं आणि मठ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने तह करून हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि पुढची दोनशे वर्षं त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार इथून चालला.

इथे भाचा पहिल्यांदा गप्प झाला. मेरिदाची स्थापना १५४२ ची, म्हणजे वसईच्या तहानंतर आठच वर्षांनी. तिथे माया लोकांचं त्हो नावाचं गाव होतं. स्पॅनिशांनी त्याच्या देवळांचे दगड काढले आणि त्यांचंच कॅथेड्रल चढवलं. इसामालला तर मायांच्या चौथऱ्यावरच मठ उभा केला. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज त्या लिपीतल्या जेमतेम चार पोथ्या जगात शिल्लक आहेत. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन शेजारी देश एकाच वेळी एकच काम करत होते: जुना दगड काढायचा, नवा घडवायचा, वर क्रूस लावायचा.

पण दगडाला मालक बदलल्याचं दुःख नसतं. वसईचा काळा दगड गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात तो आहे. उलट दिशेने वसईच्या घंटा गेल्या. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, सेबास्तियन बुरुजाला सुरुंगाने खिंडार पाडून. तह १६ मे रोजी झाला, आणि पोर्तुगीज आठवड्याभराने मानाने बाहेर पडले. मग चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांबरोबर देवळांत पोहोचल्या: नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीत, भीमाशंकराला. पाद्र्याने वाजवलेली घंटा आता पुजारी वाजवतो. इंग्रजी अमलात तर किल्ल्याच्या आत साखर करण्याचाही खटाटोप झाला. लूट, पुनर्वापर, भंगार, वारसा. ज्याने त्याने आपल्या सोयीचा शब्द घ्यावा.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला किल्लाबंदरात वलांड्यांवर बोंबील वाळत होते. मासे वाळवणाऱ्या एका मावशीला भाचेसुनेने विचारलं, "इथे पोर्तुगीज राहायचे ना?" त्या म्हणाल्या, "राहायचे नि गेले. आम्ही आहोत." असं उत्तर युकातानची कुणी माया बाईही देईल. आपण तिथे जाऊन ‘माया संस्कृती लोप पावली’ असं म्हणतो, आणि माया भाषा बोलणारी लाखो माणसं आपल्याला पाण्याची बाटली विकत असतात.

गोन्सालो गार्सिया हा याच किल्ल्यातल्या गावात जन्मलेला. नागासाकीला १५९७ साली त्याला क्रूसावर चढवलं, १८६२ साली रोमने संत ठरवलं. भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या नावाचं चर्च आतल्या पडक्या भिंतींत उभं आहे. पगार, पाव, बटाटा, चावी, इस्त्री, घमेलं हे शब्द मात्र किल्ल्यात कोंडून राहिले नाहीत. एमआयडीसीत मी आयुष्यभर जे केलं ते घमेलं आणि पगार या दोन शब्दांत मावतं.

आता खाडीबद्दल. नकाशात वसई ते डहाणू किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात दर दहा-पंधरा किलोमीटरला एक खाडी आडवी येते आणि गाडीवाल्याला पूर्वेकडे पिटाळते. वैतरणेच्या अलीकडून पलीकडे, पाणी दीड-दोन किलोमीटरचं, पण रस्त्याने हायवेवरून साठेक किलोमीटरचा वळसा. २०२५ च्या एप्रिलपासून विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडे जलसारला रो-रो बोट सुरू झाली. आमची वॅगन आर बोटीवर चढली, पंधरा मिनिटांत उतरली. माझ्या तरुणपणी हे असतं तर कितीतरी लग्नं वेळेवर लागली असती.

बोटीत भाच्याला मधुमतीची गोष्ट सांगितली. १९५५ साली आमच्या चिंचणीत ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. तेव्हा संजाणच्या मंडळावर राजाने नेमलेला अधिकारी होता एक ताजिक, म्हणजे अरब. लेखात त्याचं नाव मधुमती. मूळ महंमद असावं असं अभ्यासक मानतात. या अरबाच्या संमतीने एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन मिळाली. आणि त्याच लेखात नोंद आहे की मधुमतीने दोन प्रवाहांवर मोफत होडी सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र उघडलं, जिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे.

"रो-रोला किती पडले?" भाच्याने विचारलं. तिकीट दाखवलं. "मग मधुमती बरा होता," म्हणाला.

सफाळ्याहून केळवे. शनिवार-रविवारी केळव्याच्या वाळूत उंट, घोडे आणि मुंबई असते. आम्ही मंगळवारी गेलो, म्हणून समुद्र दिसला. सुरूच्या बनात अर्धा वाळूत रुतलेला छोटा भुईकोट आहे. दुर्गमित्रांनी श्रमदानाने तो मोकळा केला. खाडीच्या तोंडाशी दुसरा, पाण्यातला पाणकोट, भरतीला बोटीसारखा दिसणारा. शीतलादेवीच्या देवळामागच्या रस्त्याने आत गेलं की पानवेलींचे मांडव, नारळ, केळी. वाडवळांच्या घरी आम्हाला थंडीतली उकडहंडी मिळाली: कंद, वालपापडी, वांगी, सगळं मडक्यात, वर पाला. यावर मी चार पानं लिहू शकतो, पण संपादक किल्ल्यांवर मागतात.

शेजारचं माहीम हे मुंबईच्या माहीमचं थोरलं भावंड म्हणावं असं गाव. ‘महिकावतीची बखर’ म्हणतात ती या माहीमची. १४४८ सालापासूनचे तिचे थर आहेत, आणि इतिहासकार राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेली कुळं, कुणाला कोणतं गाव मिळालं, हे सगळं तिच्यात. इथल्या कुठल्याही ओटीवर विषय काढा, दोन जण बखरीच्या बाजूने आणि दोघे विरुद्ध बोलायला लागतात. सहाशे वर्षांची भांडणं जिवंत असतील तर त्या गावाला अवशेष म्हणू नये.

शिरगावचा किल्ला बऱ्यापैकी उभा आहे आणि आत फांद्या फुटलेला ताड आहे. एका ताडाला चार-पाच डोकी. गावात त्याला रावणमाड म्हणतात. भाचेसुनेने युकातानच्या पिरॅमिडचे काढले नसतील इतके फोटो त्या झाडाचे काढले.

सातपाटीला आम्ही पापलेटसाठी थांबलो हे कबूल करतो. २०२३ साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, त्यात सातपाटीच्या मच्छीमारांचा वाटा मोठा. कारण मानाचं नव्हतं, काळजीचं होतं: लहान पिल्लं जाळ्यात ओढली जातात आणि मोठा मासा कमी होत चाललाय. इथे सुपर, सरंगा, कापसरी, कलेट अशी आकारावरून नावं आहेत. किनाऱ्यावरच्या टोपलीत त्या दिवशी कलेट जास्त आणि सुपर कमी होते. एवढं बघून पालघरच्या हुतात्मा चौकाला वळसा घातला (१४ ऑगस्ट १९४२ ला इथे गोळीबारात पाच जण गेले) आणि बोईसरला घरी येऊन झोपलो. चार दिवसांच्या सहलीत एक रात्र स्वतःच्या बिछान्यात, ही सोय तुलुमला नाही.

तिसऱ्या दिवशी तारापूर. एमआयडीसीला नाव तारापूरचं, पण कारखाने बोईसरकडे. अणुकेंद्रालाही नाव तारापूरचं, पण ते घिवली-अक्करपट्टीच्या बाजूला. नावाचा धनी असलेला गाव मात्र खाडीच्या काठाला शांतपणे पेंगत असतो. जुनी लाकडी घरं, अग्यारी, ओट्यावर मांजरं. हैदराबादच्या निजामाला कर्ज देणारी आणि स्वतःच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया पाडणारी मेहेरजी भावांची पारशी पेढी मूळची या गावची, हे सांगितलं तर बोईसरची माणसंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत.

किल्ला गावाच्या पोटातच आहे. १७३९ च्या जानेवारीत, वसईच्या आधी, मराठ्यांनी तो घेतला. त्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीरावाने त्यांच्या आईला, वेणूबाईंना, लिहिलेलं सांत्वनाचं पत्र मराठी इतिहासाच्या पत्रांत वेगळं उठून दिसतं. मुलूख जिंकणारा माणूस त्यात हरलेला आहे. आज किल्ला खासगी मालकीचा. विचारलं, आत सोडलं. आणि आत वाडी. विहिरीचं पाणी, नारळ, आणि तटाच्या सावलीत चिकू.

भाचा चिकूच्या झाडाखाली उभा होता. मी म्हटलं, "ओळख पटते का? हा तुझ्या युकातानचा."

चिकू आपला नाही. तो मेक्सिकोचा आणि मध्य अमेरिकेचा. तिकालच्या आणि चिचेन इत्साच्या देवळांत दारावरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. त्यातल्या काही कोरीव तुळया हजार वर्षं पावसापाण्यात टिकल्या. चिकूच्या चिकाला तिकडे चिक्ले म्हणतात आणि च्युइंगम त्यापासूनच निघालं. जंगलात चीक काढणाऱ्यांच्या पायवाटांनी कितीतरी पडकी शहरं उजेडात आली. कालाकमुलचं अवाढव्य शहर १९३१ साली ज्या सायरस लुंडेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला विमानातून दिसलं, तो चिक्लेच्याच कंपनीत होता. पोर्तुगीजांनी बांधलेला, मराठ्यांनी घेतलेला, पारशाला इनाम गेलेला किल्ला, आणि त्यात मायांचं झाड. मेरिदाला असं काही बघायला मिळालं का, एवढंच मी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, जिंकलास."

पण जिंकल्यासारखं फार वेळ वाटलं नाही. पूल ओलांडून चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथून दक्षिणेला अणुकेंद्र दिसतं. १९६९ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. माझ्या पिढीला त्याचा अभिमान होता आणि आहे. पुढे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. घरं, देवळं, होड्या लावायच्या जागा सोडून माणसं आत, बोईसरच्या बाजूला आखून दिलेल्या वसाहतींत आली. गावाचं नाव तेवढं बरोबर आणलं. युकातानमध्ये वाटाडे विचारतात, इतकी मोठी शहरं माया लोकांनी का सोडली असतील? दुष्काळ, लढाया, रोगराई, विद्वानांची मतं वेगवेगळी. आमच्याकडे सोडून दिलेलं गाव पंचवीस वर्षांपलीकडचं नाही आणि कारण सातबाऱ्यावर लिहिलेलं आहे. समुद्रापासून तोडलेला मच्छीमार काय करतो, हे विद्वानांना शोधायला लागणार नाही. माझ्या शेजारच्या पाळीत तो वॉचमन होता.

चिंचणीहून किनाऱ्याच्या रस्त्याने वरोर, वाढवण. या गावांत घरोघरी डायमेकिंग चालतं; दागिन्यांच्या नक्षीचे पोलादी ठसे इथले कारागीर हाताने कोरतात. मुंबईच्या सोनाराकडे जी फुलं-पानं बघून आपण हरखतो, त्यांचं मूळ इथल्या एखाद्या पडवीत असू शकतं. भरती-ओहोटीच्या खडकांत बायका कालवं फोडत होत्या. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने या जागी बंदर नको असं सांगितलं. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली. ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाचं बंदर. मी कारखान्यात पोट भरलेला माणूस आहे, बंदर नको म्हणण्याचा मला नैतिक अधिकार कितपत, हे मला ठरवता येत नाही. पण वाढवणच्या रस्त्यावर बंदराला विरोध करणारी ‘एकच जिद्द’ची अक्षरं भिंतीभिंतींवर आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांनी अक्करपट्टी पाहिलेली आहे, एवढं जाणवलं. हा रस्ता बघायचा असेल तर लवकर बघा.

डहाणू, पारनाका, आणि मग झाडांच्या बोगद्यातून घोलवड-बोर्डी. मागच्या डोंगरांत बारोटच्या गुहा, जिथे चौदाव्या शतकाच्या अखेरीस पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं लपवून ठेवला असं ते सांगतात. चढायला वेळ नव्हता. चार दिवसांत जमत नाही ते जमत नाही.

घोलवडला चिकूच्या वाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. इथल्या लागवडीची सुरुवात १८९८ ची सांगतात. २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. लांब काठीला जाळी लावून दोघे जण फळं उतरवत होते. झाडाखाली एक आजोबा आकार बघून खोकी भरत होते. आम्हाला पाहून त्यांनी हातानेच जागा दाखवली. "या, या. बसा. आधी खा, मग भाव विचारा."

खाल्ले. पाच-सहा तरी प्रत्येकी. भाच्याने बिया रुमालात बांधल्या आणि मग आठवलं की विमानतळावर काढून घेतील, म्हणून परत आजोबांच्या टोपलीत टाकल्या. फोनवर काहीतरी शोधत बसला होता. चिकूला माया भाषेत काय म्हणतात ते त्याला बघायचं होतं. सापडलं तेव्हा त्याने फोन आधी आजोबांपुढे धरला.

युकातानची माया माणसं चिकूला त्यांच्या भाषेत ‘या’ म्हणतात.